साडेचार गुणांची आमटी

माणसानं सुधारावं, याला माझी मुळीच ना नाही. पण सुधारायचंच तर जरा बेतानं सुधारावं, शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन सुधारावं, आणि मुख्य म्हणजे पहाटे पाच वाजता दुसऱ्याच्या खिडकीखाली उभं राहून भात्यासारखे श्वास घेत सुधारू नये. हे माझं मत कॅसलरॉकला बनलं, आणि ते बनवलं नरसूभाऊ मिराश्यांनी.

आमचे हे तेव्हा कॅसलरॉक स्टेशनात मालबाबू होते. मी खानापूरची, लग्न होऊन आले तेव्हा गाव बघून रडूच आलं होतं. एक स्टेशन, साहेबांचे चार बंगले, लाकडाचा डेपो, आणि बाकी नजर जाईल तिकडं रान. आमच्या खोलीला लागून नरसूभाऊंची खोली. मध्ये एकच फळ्यांची भिंत, त्यामुळं त्यांच्याकडं फोडणी पडली की आमच्याकडं शिंका. ते डेपोत कामाला होते. जंगलातून आलेल्या सागाच्या ओंडक्यांवर हातोड्यानं शिक्का मारायचा, एवढंच काम. माणूस अंगानं आडवा, मिशा भरघोस, बोलणं चार आण्यांचं. त्यांची बायको भागीरथी अणशीची. उंच, सावळी, कामाला वाघ. पाण्यानं भरलेल्या दोन घागरी डोक्यावर आणि तिसरी कमरेला घेऊन ती चालायची, आणि वर गप्पाही मारायची. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पण त्यावरून एकानं दुसऱ्याला टोचलेलं त्या पातळ भिंतीतून मी एकदाही ऐकलं नाही. सांगायचा मुद्दा, संसार सुखाचा चालला होता. मग श्रावणात घाटात दरड कोसळली आणि सगळा घोळ झाला.

कॅसलरॉकला गाडी थांबली की चांगली ऐसपैस थांबायची. पलीकडं गोवा, म्हणजे फिरंग्यांचं राज्य, म्हणून इथं प्रवाशांच्या ट्रंका उघडून बघत. त्या दिवशी दरड पडल्यामुळं तर गाडी पाच तास अडकली. गाडीत पुण्याकडचे एक व्याख्याते होते. काळा कोट, उपरणं, नाकावर चष्मा. असल्या माणसांना समोर रिकामी माणसं दिसली की राहवत नाही. ते मालाच्या वजनकाट्यावर चढून उभे राहिले आणि ‘नव्या काळाचा माणूस’ या विषयावर बोलू लागले. नव्या काळाच्या माणसानं पाळायचे म्हणे नऊ नियम. थंड पाण्यानं अंघोळ, पहाटे उठून दीर्घ श्वास घेणं, रोज फिरायला जाणं, घास बत्तीस वेळा चावणं, सदैव खरं बोलणं, असं करत करत आठ झाले. मग ते जरा थांबले, बोट वर केलं आणि म्हणाले, “आता नववा. आणि हा सर्वांत महत्त्वाचा. नव्या काळाच्या माणसानं आपल्या बायकोला...”

इंजिनानं शिट्टी दिली. व्याख्याते धोतराचा सोगा हातात धरून पळाले. खिडकीतून डोकं काढून ते काहीतरी ओरडत होते, हातवारेही करत होते, पण वाफेत काही ऐकू आलं म्हणता? गेली गाडी!

आम्ही सगळे हसत हसत घरी गेलो. नरसूभाऊ मात्र तिथंच उभे. त्यांनी आठही नियम डेपोतल्या एका ओंडक्यावर खडूनं लिहून घेतले होते. दुसऱ्या दिवशी तो ओंडका मालगाडीच्या वाघिणीत चढायचा होता. नरसूभाऊंनी तो ढिगाच्या पार मागं ढकलला. तीन आठवडे तो ओंडका डेपोतून हलला नाही, आणि त्या तीन आठवड्यांत नियम पाठ झाले.

पहिल्याच दिवशी ते फिरायला निघाले. आता तुम्हीच सांगा, आमच्या त्या रानात काम नसताना कोण कशाला फिरेल? माणूस चालतोय म्हणजे काहीतरी आणायला नाहीतर शोधायला चाललाय. डोक्याला रुमाल, हातात काठी, इकडंतिकडं बघत नरसूभाऊ चाललेले पाहून वाटेत एकानं विचारलं, “काय हरवलं व्हय?” नरसूभाऊ म्हणाले, “काय न्हाई. हवा खातोय.” त्याला वाटलं, माणूस लाजतोय. म्हैस हरवली असणार, बायकोला कळू द्यायचं नसणार. तो बिचारा मदतीला मागोमाग निघाला. पुढं आणखी दोघं मिळाले. संध्याकाळपर्यंत अकरा माणसं ‘हल्या, हल्या’ करत रान धुंडाळत होती, आणि सगळ्यांच्या पुढं नरसूभाऊ दीर्घ श्वास घेत. यांच्याकडं म्हैस नाहीच, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शेवटी दुसऱ्याच कुणाची तरी एक म्हैस सापडली. ती लोकांनी मोठ्या कौतुकानं भागीरथीच्या दारात आणून बांधली.

घास चावण्याचं तर विचारूच नका. भिंतीपलीकडून मोजणी ऐकू यायची. मनातल्या मनात मोजलं तर चूक होते, म्हणून प्रत्येक घासाला ते मांडीवर बोटं आपटत. दुपारी जेवायला बसलेला माणूस डेपोचा भोंगा झाला तरी भातावरच. भागीरथी म्हणायची, “अक्का, म्हशीला रवंथ करायला येळ लागत न्हाई एवढा ह्यांना लागतोय.”

पण सगळ्यांत वाईट नियम म्हणजे खरं बोलण्याचा. तोवर नरसूभाऊ कमी बोलत, म्हणून गावाला प्रिय होते. आता ते विचारल्याशिवाय खरं बोलू लागले. स्टेशनमास्तरांना भजनाचा नाद होता. नरसूभाऊ त्यांना म्हणाले, “तुमच्या भजनाला लोक येतात ते नारळाच्या फोडीसाठी.” झालं, त्या दिवसापासून भजनही बंद आणि फोडीही बंद. मी गौरीला नवं लुगडं नेसले होते, चांगलं जांभळं. हे दारात उभे राहून म्हणाले, “वैनी, ह्यो रंग तुम्हाला शोभत न्हाई. पण तुमचा स्वभाव बरा हाय.” स्वभाव बरा म्हणे! पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आमचे हे मात्र भिंतीकडं तोंड करून हसत होते, तेही माझ्या लक्षात राहिलंय.

एवढं सगळं गावानं सोसलं असतं. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणून सोडून दिलं असतं. पण नरसूभाऊंचा जीव अडकला होता तो त्या नवव्या नियमात. आठ पाळून सर्वांत महत्त्वाचाच राहिला, तर मग सुधारून उपयोग काय? नव्या काळाच्या माणसानं आपल्या बायकोला काय करावं? ते भेटेल त्याला विचारत सुटले. लाइनीवरचा मुकादम म्हणाला, “मारू नये, असं आसंल.” नरसूभाऊ म्हणाले, “मी कुठं मारतोय?” आमचे हे म्हणाले, “आपल्या बायकोचं ऐकावं.” त्यावर नरसूभाऊंनी बराच विचार केला आणि म्हणाले, “न्हाई, तसं नसंल. व्याख्याते शिकलेले हुते.”

म्हणजे मग एकेक करून बघणं आलं, आणि ते सगळं भागीरथीवर.

आधी तिला शेजारी बसवून जेवायचं ठरलं. चहाच्या खोक्याचं टेबल केलं. ती बिचारी बसली, पण वाढायला दर घासाला उठायची, आणि उठली की खोकं कलंडायचं. दोन दिवसांत तीन वाडगी फुटली. मग तिला अक्षरं शिकवायची टूम निघाली. पाटी आणली. ‘ग’पर्यंत येऊन ती म्हणाली, “ह्येच्यापेक्षा शेण गोळा करीन.” अंक मात्र तिनं पटापट उचलले. मग एक दिवस नरसूभाऊंना वाटलं, नव्या काळाच्या माणसानं आपल्या बायकोला नावानं हाक मारावी.

आमच्याकडं नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेतो, असं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. ‘अगं ए’, ‘ऐकलंस का’, फार तर खोकायचं. बाजाराचा दिवस. भागीरथी डोक्यावर घागर घेऊन स्टेशनासमोरून चाललीय. आणि डेपोच्या ढिगावर उभं राहून, त्या छातीतल्या कमावलेल्या श्वासानिशी, नरसूभाऊ ओरडले, “भागीरथीऽऽ!”

सगळा बाजार वळून बघतोय. घागर खाली, पाणी पायावर. तिला वाटलं, कुणीतरी मेलं! ती धावत ढिगापाशी गेली आणि विचारलं, “काय झालं?” हे म्हणाले, “काय न्हाई. सहज.”

तीन दिवस ती दाराबाहेर पडली नाही. चौथ्या दिवशी परसात माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “अक्का, मी कटाळले. बारा वर्सं ह्यो माणूस माझ्याशी नीट वागत हुता. त्येला कुणी सांगितलं की त्यो नीट न्हाई, आणि मी बी न्हाई? आता आणिक एक न्येम काढला तर मी म्हायेरी जाईन. आणि गेले की परत यायची न्हाई. सांगून ठेवते.”

मी नरसूभाऊंना गाठून हे शब्द जसेच्या तसे सांगितले. म्हटलं, “भाऊ, पुरे झालं. ती खरंच जाईल हं. अणशीच्या बायका बोलतात ते करतात.” नरसूभाऊंचा चेहरा खर्रकन उतरला. “वैनी, ती गेली तर मी काय करू?” असं म्हणाले आणि तिथंच ओंडक्यावर बसले. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

कसलं काय! हातोडेवाल्या माणसाला शिक्का मारल्याशिवाय चैन कुठली? डेपोत प्रत्येक ओंडक्याला प्रत लावायची, पहिली, दुसरी, तिसरी. आयुष्यभर हेच केलेलं. त्यांच्या मनात आलं, बायको नाराज आहे, तिला उत्तेजन द्यायला हवं. नववा नियम ‘आपल्या बायकोला उत्तेजन द्यावं’ असाच असणार. म्हणून त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला. रोजच्या कामाला दहापैकी गुण. भाकरी आठ. सारवण सात. पाणी भरणं दहा. आणि आमटी? खरं बोलण्याचा नियम होताच. आमटी साडेचार.

चारापुढच्या दोन उभ्या रेघांचा, म्हणजे त्या ‘साडे’चा, अर्थ भागीरथीनं मला येऊन विचारला. मी सांगितला. मी गप्प बसायला हवं होतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी अणशीकडच्या बैलगाड्या मीठ न्यायला स्टेशनात आल्या होत्या. भागीरथी त्यातल्या एका गाडीत बसून निघून गेली. भांडण नाही, रडणं नाही. जाताना तिनं तक्त्यावर सगळ्यांत खाली नवऱ्याचं चित्र काढलं, म्हणजे नुसत्याच मिशा, आणि त्यांच्यापुढं एक भलंमोठं शून्य.

मग जे झालं ते बघवेना. फिरणं बंद, श्वास बंद, अंघोळ तर गरम पाण्यानंही बंद. भात करपवून तो न चावता गिळायचे. डेपोत ओंडक्यांवर शिक्के उलटे पडू लागले. महिनाभरानं मिशा खाली लोंबत असलेले नरसूभाऊ दारात आले. “वैनी, तुमी दोघं येतासा का अणशीला? ती तुमचं ऐकते.” जांभळ्या लुगड्याचं मी त्याच क्षणी माफ केलं. माणूस दारात उभा राहून रडत असेल तर लुगडं घेऊन काय करायचं?

दोन दिवस बैलगाडी, मध्ये सुप्याला मुक्काम. मार्गशीर्ष लागला होता, थंडी अशी की दात वाजत होते. अणशीला भागीरथीचा थोरला भाऊ सोमा अंगणातच भेटला. गूळपाणी दिलं, बसायला घोंगडं दिलं आणि सरळ सांगितलं, “पावनं, माणूस तुमी वंगाळ न्हाई. पर आमच्यात रुसून आलेली ल्येक देवीला इचारल्याबिगर परत धाडत न्हाईत. सकाळी कौल लावूया. उजवा दिला तर घेऊन जावा. डावा दिला तर तिनं हितंच ऱ्हायचं, आणि पुन्हा इचारायला यायचं न्हाई.”

कौल म्हणजे काय, तर देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. तिथं बी कधी पेरायचं, पोरगी कुठं द्यायची, सगळं त्या दोन पाकळ्यांवर. भागीरथीला जायचंय का, हे मात्र कुणी तिला विचारलं नव्हतं. मी विचारलं, रात्री जेवताना. ती म्हणाली, “ते जेवले का न्हाई?” यातून काय समजायचं ते मी समजले.

सकाळी सगळा गाव देवळात. देऊळ म्हणजे एकच खोली, त्यात काळ्या दगडाची देवी. तिच्या उजव्या हाताला भिंतीत एक छोटं दार, विहिरीकडं जायचं. त्या दाराशी बायका बसल्या होत्या, त्यांत भागीरथी. तिनं नवऱ्याकडं पाहिलंही नाही. गुरवानं पाकळ्या लावल्या, हात जोडून गाऱ्हाणं घातलं, “आई, तुझं लेकरू तुझ्या पायाशी आलंय. जायाचं असंल तर उजवा दे, ऱ्हायाचं असंल तर डावा दे.” बघता बघता उजवी पाकळी कडेनं सुटू लागली. माझा जीव भांड्यात पडणार, इतक्यात नरसूभाऊ म्हणाले, “जरा थांबा.”



“खरं सांगायला पायजे,” नरसूभाऊ म्हणाले. “त्या दारातनं वारा येतोय. उजवीकडची पाकळी आधी वाळणार. लाकडाचं बी असंच असतंय, वाऱ्याची बाजू आधी वाळते. ह्यो कौल देवीचा न्हाई, दाराचा हाय.”

देवळात कुजबुज उठली. गुरव लालबुंद. आमच्या ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. अहो, माणसाला स्वतःची बायको परत मिळत होती! पाकळी खांद्यावरून निम्मी सुटलेली होती! पण सोमा उठला, म्हणाला, “बोलला ते खोटं न्हाई,” आणि त्यानं जाऊन दार घट्ट लावून घेतलं. गुरवानं दोन्ही पाकळ्या काढल्या, नव्या भिजवून पुन्हा लावल्या. पुन्हा गाऱ्हाणं.

आता पाकळ्या पडेनात. ना उजवी, ना डावी. कौल पडेपर्यंत कुणी उठायचं नाही असा रिवाज. ऊन उंबऱ्यावरून आत आलं. जेवणाची वेळ टळली. म्हातारे बसल्या जागी पेंगू लागले. डावी पाकळी एकदा हलल्यासारखी वाटली आणि नरसूभाऊंच्या तोंडातून असा आवाज आला की मी आयुष्यात कुणा बाप्याच्या तोंडून ऐकला नव्हता. हात जोडलेले, डोळे त्या पाकळीवर, आणि मिशांवरून पाणी गळतंय. पुसायचंही भान नाही.

भागीरथीनं ते पाहिलं. ती उठली. त्या कडाक्याच्या थंडीत, बायका शाली गुंडाळून बसलेल्या असताना, ती पदरानं वारा घेत मोठ्यांदा म्हणाली, “काय उकडतंय गं बाई!” आणि तिनं दार सताड उघडलं.

दोन-चार मिनिटं झाली असतील. उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

सगळ्यांनी पाहिलं होतं आणि सगळे छताकडं बघत होते. एकच माणूस दाराकडं बघत होता. नरसूभाऊंनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा पाकळीकडं, आणि त्यांचं तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, आई, खण-नारळ देईन, दोन देईन, पण ह्या माणसाची आत्ताच्या आत्ता दातखीळ बसव! तोंड तसंच उघडं राहिलं. भागीरथी त्यांच्याकडं बघत होती. मग ते तोंड हळूच मिटलं.

“उजवा दिला,” गुरव म्हणाला, आणि सगळे पटकन जेवायला उठले.

परत आल्यावर आठवड्याभरात आमच्या ह्यांची बदली झाली, सामान बांधण्यातच दिवस गेले, आणि पुढं त्या दोघांची माझी कधी गाठ पडली नाही. म्हणून मला ती दोघं आठवतात ती त्या परतीच्या वाटेवरची. चढण आली की बैलांना जड होतं, तेव्हा ती दोघं खाली उतरून गाडीच्या मागं चालत होती. तो तिचं बोचकं घेऊन, ती मोकळ्या हातांनी. मग भागीरथीनं विचारलं, “देवळात त्वांड उघडलं हुतं तुमी. काय बोलणार हुतासा?”

“मी?” नरसूभाऊ म्हणाले. “काय न्हाई. जांभय आली हुती.”

भागीरथी इतकी हसली, इतकी हसली, की गाडीवानानं बैल थांबवून मागं वळून बघितलं.